रोजची स्पोर्ट्स कार रेस ट्रॅकसाठी कशी तयार करतात? आधी ब्रेक, सगळ्यात शेवटी इंजिन

समजा, एकाकडे दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार आहे. त्याने तिच्यावर हौसेने खर्च केलाय. घुमणारा सायलेन्सर, नवा एअर फिल्टर, रुंद चाकं, सगळं बसवून घेतलंय. रविवारी सकाळी तो गाडी घेऊन रेस ट्रॅकवर येतो. पहिले चार लॅप झकास जातात. पाचव्या लॅपला, सरळ पट्ट्याच्या शेवटी, ताशी १६० किलोमीटरच्या वेगात तो ब्रेकवर पाय ठेवतो आणि पेडल ओल्या स्पंजसारखं दबत थेट तळाला टेकतं. समोर वळण आहे. इंजिन ठणठणीत आहे, गाडी फक्त थांबत नाही.

ट्रॅकवर नव्याने येणाऱ्यांना अनुभवी मंडळी सगळ्यात आधी याच प्रसंगाबद्दल बजावतात. कारण गाडी जोरात पळवायची म्हटलं की बहुतेकांचं डोकं थेट हॉर्सपॉवरकडे जातं. प्रत्यक्षात रस्त्यावरची गाडी ट्रॅकवर नेताना तिची ताकद क्वचितच कमी पडते. आधी हार मानतात ते ब्रेक, टायर आणि इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा.

मग गाडी ट्रॅकसाठी तयार करायची म्हणजे नेमकं काय करायचं? पैसा कुठे आधी लावायचा आणि कुठे शेवटी? एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

आधी 'ट्रॅक डे' म्हणजे काय ते बघू

रेस ट्रॅकवर जाणारा प्रत्येक जण शर्यत लावत नाही. अमेरिका, युरोप, जपानमध्ये हजारो लोक आपली रोजची गाडी घेऊन 'ट्रॅक डे'ला जातात. ठरलेली फी भरायची, गाडीची तपासणी करून घ्यायची आणि साधारण वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये गाडी चालवायची. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. ओव्हरटेकही ठरवून दिलेल्या ठिकाणीच करायचं, तेही पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावर.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे 'टाइम अटॅक'. यात घड्याळाशी स्पर्धा असते. आणि त्याच्याही पुढे खरी शर्यत, जिथे गाड्या एकमेकींना खेटून पळतात आणि सुरक्षेचे नियम कितीतरी कडक असतात.

कुठल्या पायरीवर उभं राहायचंय, त्यावर गाडीत किती बदल करायचे ते ठरतं. या लेखात मुख्यतः पहिल्या पायरीचा विचार केलाय, कारण बहुतेक लोक सुरुवात तिथूनच करतात.

उदाहरण मियाटाचंच का?

माझदा एमएक्स-५ ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा जगासमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. उघडं छत, दोन सीट, पुढे इंजिन, ताकद मागच्या चाकांना. पहिल्या पिढीचं इंजिन होतं १.६ लिटरचं आणि अमेरिकी बाजारातल्या गाडीची ताकद साधारण ११६ हॉर्सपॉवर. आजच्या काळात हा आकडा ऐकून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. पण गाडीचं वजन होतं जेमतेम ९५० किलोच्या आसपास, आणि चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन. वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्याला नीट टेकून ठेवणारी ही रचना तेव्हा महागड्या गाड्यांत दिसायची.

माझदाच्या लोकांनी ही गाडी बनवताना 'जिनबा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग डोळ्यांपुढे ठेवला होता. त्याचा अर्थ घोडा आणि स्वार एकरूप होणं. ही कल्पना लोकांना इतकी भावली की एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. सर्वाधिक विकली गेलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार म्हणून तिची गिनेस बुकातही नोंद आहे.

अमेरिकेत याच गाडीवर 'स्पेक मियाटा' नावाची शर्यतीची अख्खी श्रेणी उभी राहिली. तिथे सगळ्यांना ठरवून दिलेलं सस्पेन्शन वापरावं लागतं आणि इंजिनाला फारसा हात लावता येत नाही. त्यामुळे जिंकतो तो चांगला चालवणारा आणि गाडी नीट राखणारा. थोडक्यात, ट्रॅकसाठी गाडी तयार करण्याची शाळा म्हणून मियाटाकडे बोट दाखवता येतं. इंजिन फारसं न बदलता गाडी किती वेगवान होऊ शकते, हे तिथे दर आठवड्याला दिसतं.

पहिलं काम: जवळपास फुकटात होणारी तपासणी

नवीन पार्ट घेण्याआधी जुने पार्ट जागेवर आहेत का, हे बघावं लागतं. तीस वर्षं जुन्या गाडीबाबत तर हे फारच महत्त्वाचं. रस्त्यावर महिनोन्‌महिने लपून राहणारा दोष ट्रॅकवर दहा मिनिटांत उघडा पडतो.

चाकाचे बेअरिंग हलतायत का? बॉल जॉइंट ढिले झालेत का? रबरी बुश फाटलेत का? इंजिनातून किंवा गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय का? गळणारं ऑइल ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारी गाडी थेट घसरते, म्हणून तपासणी करणारे यावर विशेष लक्ष ठेवतात. बॅटरी घट्ट बांधलेली हवी. जुन्या मियाटाची बॅटरी पुढे नसून डिकीत असते, त्यामुळे ती बघायला लोक विसरतात.

इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं असावं. लांब वळणावर ऑइल तेलपात्रात एका बाजूला सरकतं. पातळी आधीच कमी असेल तर ऑइल खेचणाऱ्या नळीला क्षणभर हवाच मिळते आणि इंजिनाचे बेअरिंग कोरडे फिरतात. इंजिन जायला तेवढं पुरतं.

चाकांचे नट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क पान्याने आवळायचे आणि प्रत्येक फेरीनंतर पुन्हा तपासायचे. गाडीतल्या सुट्या वस्तू, पायमोजे, पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर काढायचं. ब्रेक पेडलखाली घरंगळत गेलेली बाटली ही चेष्टेची गोष्ट नाही.

ब्रेक: गाडी आधी थांबली पाहिजे

आता सुरुवातीच्या त्या प्रसंगाकडे येऊ. पेडल तळाला का गेलं?

ब्रेक मारला की गाडीच्या वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलते. किती उष्णता? चालकासह १,०५० किलो वजनाची गाडी ताशी १६० वरून ८० किलोमीटरवर आणायची, तर जवळपास पाऊण मेगाज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. एवढ्या उष्णतेत दोन लिटरहून जास्त पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. घरच्या गॅसवर याला आठ-दहा मिनिटं लागतात. ट्रॅकवर हे काम ब्रेक साधारण तीन सेकंदांत करतात. मग पुढचं वळण येतं, पुन्हा तेच. असं वीस मिनिटं.

रस्त्यावर दोन जोरदार ब्रेकमध्ये डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. ट्रॅकवर तो मिळत नाही. उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून ब्रेक ऑइलला पोचते. ब्रेक ऑइल हा द्रव आहे आणि द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत जातो. पण तो उकळला की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ मात्र दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात खर्ची पडतो आणि पेडल तळाला जातं.

यात आणखी एक मेख आहे. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा नियम आहे. तेच ऑइल ओलावा शोषून जुनं झालं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची अवस्था आणखी वाईट. त्याचे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणजे दोन-तीन वर्षं न बदललेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणारा माणूस ६५-७५ अंशांची सुरक्षितता घरीच विसरून आलेला असतो.

म्हणून ट्रॅकसाठी पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करतात. शर्यतीसाठीची काही ऑइलं नवी असताना ३०० अंशांच्या पुढेही उकळत नाहीत. ती टाकायची, चारही चाकांवरून हवा नीट काढायची आणि दर काही ट्रॅक डेनंतर बदलायची. कमी पैशात जीव वाचवणारा याहून मोठा बदल गाडीत दुसरा नाही.

एक काळजी मात्र घ्यायची. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे आणि ते डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये मिसळून चालत नाही. आकडे सारखे दिसले तरी डॉट ५ आणि डॉट ५.१ या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा खर्च ब्रेक पॅडचा. रस्त्यासाठीचे पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. यात पेडल कडक लागतं, पण गाडी मंदावत नाही. ट्रॅकचे पॅड मोठ्या तापमानाला काम करतात. त्यांचा तोटा असा की थंड असताना ते नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि चाकं काळी करतात. त्यामुळे अनेक जण ट्रॅकवर पोचल्यावर पॅड बदलतात आणि घरी निघताना जुने परत बसवतात.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला भारी असतात, पण ट्रॅकवर वारंवार तापून-थंडावून त्या भोकांपासून तडे जाऊ शकतात. साधी, सपाट आणि चांगल्या दर्जाची डिस्क इथे जास्त टिकते. आणखी उष्णता काढायची असेल तर पुढच्या बंपरपासून डिस्कपर्यंत हवेची नळी नेतात.

फेरी संपताना शेवटचा एक लॅप हळू चालवायचा, म्हणजे वाऱ्याने ब्रेक निवतात. आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेला पॅड डिस्कला चिकटून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला ओट लावायची.

टायर: गाडी आणि जमीन यांच्यातलं एकमेव नातं

गाडी कितीही ताकदीची असो, जमिनीला टेकतात ते फक्त टायरचे चार छोटे पट्टे. वेग वाढवणं, वळणं, थांबणं, सगळं या चार पट्ट्यांतून होतं. म्हणून लॅपचा वेळ कमी करणारा सगळ्यात मोठा बदल बहुतेक वेळा टायरच असतो.

पण नवशिक्याने थेट सर्वात चिकट टायर घ्यावेत का? बरेच प्रशिक्षक 'नको' म्हणतात. साधा चांगला टायर पकड सुटण्याआधी आवाज करतो, हळूहळू सरकतो, चालकाला इशारा देतो. फार चिकट टायर बराच वेळ सगळं निभावून नेतो आणि मग एकदम सोडतो, तेही जास्त वेगात. शिवाय पकड वाढली की ब्रेक, बेअरिंग आणि सस्पेन्शनवरचा ताणही वाढतो.

हवेचा दाब ही फुकटातली सुधारणा. टायर तापला की आतली हवा तापते आणि दाब वाढतो. सकाळी २५ अंशांना २६ पीएसआय भरलेला टायर ७० अंशांपर्यंत तापला तर तोच दाब ३२ च्या आसपास जातो. म्हणून ट्रॅकवर थंड दाबापेक्षा गरम दाबाला महत्त्व असतं. फेरीवरून आल्या आल्या दाब मोजायचा, वाढलेला असेल तर थोडी हवा काढायची. दिवसाच्या शेवटी घरी जाण्यापूर्वी पुन्हा हवा भरायला मात्र विसरायचं नाही.

टायरचं वयही बघायचं. बाजूवर चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि पकड सोडतं.

सस्पेन्शन: आधी अलाइनमेंट, मग नवे पार्ट

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. मधला आणि आतला भाग जमिनीवरून जवळपास उचलला जातो. पकड कमी होते आणि टायरची कड झिजून जाते.

यावर उपाय म्हणजे ऋण कॅम्बर. चाकाची वरची बाजू थोडी आत झुकवून ठेवायची. मग वळणात गाडी कलली की टायर सपाट टेकतो. रस्त्यावरच्या गाडीला हा कोन अगदी थोडा ठेवतात. ट्रॅकवर पुढच्या चाकांना दोन ते तीन अंशांपर्यंत नेतात. मियाटामध्ये हे कोन पुढे-मागे, चारही चाकांना बदलता येतात, तेही कोणताही नवा पार्ट न घेता. चांगल्या अलाइनमेंटवाल्याकडे काही तास घालवले की गाडीचं वळणावरचं वागणंच बदलतं.

त्यानंतर नंबर लागतो शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा. इथे एक सापळा आहे. बाजारात गाडी बुटकी करणाऱ्या स्वस्त स्प्रिंग मिळतात. त्या लावल्या की गाडी छान दिसते, पण सस्पेन्शनला खाली-वर व्हायला जागाच उरत नाही. खड्ड्यावर किंवा ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर चाक गेलं की सस्पेन्शन शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आदळतं आणि टायर उडतो. स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकमेकांना साजेसे असावे लागतात. पैसे कमी असतील तर जुने थकलेले शॉक अॅब्सॉर्बर आणि फाटके बुश बदलून गाडी मूळ अवस्थेत आणणं हाच शहाणपणा.

इंजिन थंड ठेवणं: मियाटाच्या पोटातलं एक जुनं दुखणं

मियाटाचं इंजिन मुळात माझदाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या कुटुंबातलं. त्या गाड्यांत इंजिन आडवं बसायचं आणि कूलंट एका टोकाने आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. चारही सिलिंडर सारखे निवायचे.

मियाटात इंजिन उभं बसवलं. मागच्या टोकाला गाडीची भिंत आली, त्यामुळे कूलंट बाहेर पडण्याची वाट पुढे आणावी लागली. पंप पुढे आणि बाहेर पडायची वाटही पुढेच. पाणी जवळची वाट धरतं. त्यामुळे सगळ्यात मागच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरकडे प्रवाह तुलनेने कमी जातो. रस्त्यावर याने काही बिघडत नाही. ट्रॅकवर, आणि विशेषतः टर्बो बसवलेल्या गाडीत, हे महागात पडू शकतं. म्हणून बरेच जण कूलंटची वाट पुन्हा मागे नेतात.

मात्र त्याआधी करायच्या साध्या गोष्टी वेगळ्या आहेत. जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या काळपट-तपकिरी झाल्या असतील तर त्या कधीही फुटू शकतात. रेडिएटर बदलायचा. गाडीखालचं प्लॅस्टिकचं आवरण मेकॅनिकने काढून कोपऱ्यात टाकलं असेल तर ते परत बसवायचं. समोरून आलेली हवा रेडिएटरच्या आरपार जावी, यासाठीच ते असतं. आणि रेडिएटरच्या कडेच्या फटी बंद करायच्या. हवासुद्धा पाण्यासारखीच, सोपी वाट मिळाली की तिकडून निघून जाते.

सुरक्षा: एक वस्तू घेतली की दुसरी घ्यावीच लागते

मियाटाला छत नाही. गाडी उलटली तर सगळा भार समोरच्या काचेच्या चौकटीवर आणि चालकाच्या डोक्यावर. म्हणून उघड्या छताच्या गाड्यांना बहुतेक आयोजक रोल बारशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. सीटच्या मागे उभी राहणारी ही पोलादी कमान गाडीच्या सांगाड्याला पक्की जोडलेली असते.

ती पुरेशी उंच आहे का, हे बघायची सोपी पद्धत आहे. चालकाने हेल्मेट घालून सीटवर बसायचं. कमानीच्या वरपासून समोरच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत एक सरळ काठी धरायची. हेल्मेट काठीच्या खाली राहिलं पाहिजे. उंच माणसांना यासाठी अनेकदा सीट खाली करावी लागते.

हेल्मेटचीही गोष्ट आहे. मोटरसायकलचं चांगलं हेल्मेट आहे, तेच चालेल, असं अनेकांना वाटतं. स्नेल या संस्थेची मोटरसायकलसाठी 'एम' आणि कारच्या शर्यतीसाठी 'एसए' अशी वेगवेगळी मानकं आहेत. 'एसए' हेल्मेटची आगीला तोंड देण्याची चाचणी होते, आणि रोल बारवर डोकं पुन्हा पुन्हा आपटेल याचाही विचार त्यात असतो.

पुढचा मोह म्हणजे शर्यतीचे चार-पाच पट्ट्यांचे बेल्ट. ते दिसतात जबरदस्त. पण नेहमीचा बेल्ट असलेला माणूस गाडी उलटून छत दबलं तर एका बाजूला झुकू शकतो. शर्यतीचा बेल्ट त्याला ताठ उभा धरून ठेवतो. म्हणून रोल बार नसेल तर असे बेल्ट उलट घातक ठरतात. त्यांच्यासाठी खांद्याचे पट्टे जाण्याची जागा असलेली योग्य सीटही लागते.

आणि शरीर घट्ट बांधलं की धडकेत डोकं तेवढं पुढे फेकलं जातं. सगळा ताण मानेवर येतो. अमेरिकेतला प्रसिद्ध नॅसकार चालक डेल अर्नहार्ट २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत कवटीच्या तळाचं हाड मोडून गेला. डोकं आणि मान सावरणारं 'हान्स' हे उपकरण तेव्हा उपलब्ध होतं, पण फार थोडे जण वापरत. ते १९८० च्या दशकात तयार केलं होतं रॉबर्ट हबर्ड या जैवयांत्रिकीच्या प्राध्यापकाने आणि त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग यांनी. डाउनिंग स्वतः माझदाच्या इंजिनांवर शर्यती जिंकलेले चालक. अर्नहार्टच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी नॅसकारने असं संरक्षण सक्तीचं केलं आणि २००३ पासून फॉर्म्युला वनने 'हान्स' बंधनकारक केलं.

म्हणून सुरक्षेच्या वस्तू सुट्या-सुट्या घेऊन भागत नाही. रोल बार, सीट, बेल्ट, मानेचं संरक्षण ही एक साखळी आहे. ती पूर्ण करता येत नसेल, तर कंपनीचा मूळ तीन टोकांचा बेल्ट, रोल बार आणि चांगलं हेल्मेट एवढं ठेवून शांतपणे चालवणं जास्त सुरक्षित.

वजन आणि ताकद: आता इंजिनाची पाळी

वजन कमी करणं ही ताकद वाढवण्याची स्वस्त पद्धत. स्टेपनी, जॅक, डिकीतलं सामान काढलं की गाडी लगेच हलकी होते. कमी वजनाचा फायदा वेग घेताना होतो, थांबताना होतो आणि वळतानाही होतो. टायर आणि ब्रेकही जास्त टिकतात. ताकद वाढवण्याचा फायदा मात्र फक्त वेग घेतानाच मिळतो.

एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून मियाटासारख्या टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनातून मिळतात ते जेमतेम थोडेसे हॉर्सपॉवर. आवाज मात्र भरपूर वाढतो, आणि अनेक ट्रॅकवर आवाजाची मर्यादा असते.

टर्बो बसवला तर ताकद खरोखर वाढते. पण मग बिलांची रांग लागते. कूलंटची वाट बदला, मोठा रेडिएटर घ्या, क्लच बदला. पाच गिअरची मूळ गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल हा जोर किती दिवस सोसतील, याचा विचार करा. आणि शेवटी गाडी पुन्हा येते ब्रेकपाशी. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग ताशी १६० ऐवजी १८० झाला, तर वेग फक्त आठव्या हिश्शाने वाढला असं वाटतं. पण ब्रेकना पेलायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ती होते जवळपास सव्वापट. जे ब्रेक कसेबसे पुरत होते, ते आता पुरत नाहीत.

म्हणूनच इंजिन सगळ्यात शेवटी.

सगळ्यात स्वस्त पार्ट: स्टिअरिंगमागचा माणूस

ट्रॅकवर पहिल्यांदा आलेल्या चालकाशेजारी अनुभवी प्रशिक्षक बसला की एका दिवसात जेवढे सेकंद कमी होतात, तेवढे कुठल्याही पार्टने होत नाहीत. नजर पुढच्या वळणाकडे ठेवणं, ब्रेक सरळ रेषेत मारणं, वळणाच्या आतल्या कडेला कुठे टेकायचं ते ओळखणं, झेंड्यांचा अर्थ कळणं, हे सगळं शिकण्याच्या गोष्टी. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, सावध व्हा आणि ओव्हरटेक नको. लाल म्हणजे फेरी थांबली. काळा झेंडा आपल्या गाडीकडे दाखवला तर पिटमध्ये या.

शिवाय मूळ अवस्थेतली गाडी चालवून शिकलेल्या माणसाला पुढचा बदल कुठला हवा, ते गाडीच सांगते. ब्रेक दमले की ऑइल-पॅड, टायरची कड झिजली की कॅम्बर, तापमानाचा काटा चढला की रेडिएटर.

भारतात हे शक्य आहे का?

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली जात नाही. पण वर सांगितलेलं सगळं कुठल्याही गाडीला लागू पडतं. तेव्हा पुण्याजवळ चाकणला बनत असलेल्या फोक्सवॅगन पोलोवरच कंपनीने २०१० मध्ये भारतात एकाच प्रकारच्या गाड्यांची शर्यत मालिका सुरू केली होती.

ट्रॅक मात्र मोजके आहेत. कोइम्बतूरजवळचा सुमारे २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला यातल्या कुठल्याही ठिकाणी जायचं तर लांबचा प्रवास ठरलेला.

दोन गोष्टी मात्र निघण्याआधी बघून घ्यायच्या. पहिली, कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी फेरफार केलेली गाडी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. ब्रेक ऑइल, पॅड, त्याच मापाचे चांगले टायर यांचा प्रश्न येत नाही. पण इंजिन किंवा गाडीचा सांगाडा बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ती ट्रकवर घालून ट्रॅकपर्यंत न्यावी लागते.

दुसरी, विमा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर झालेलं नुकसान मालकाच्याच खिशातून जातं.

आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे किंवा रात्रीचा रिकामा रस्ता हा ट्रॅक नाही. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, कडेला घसरायला जागा असते, झेंडे दाखवणारी माणसं आणि रुग्णवाहिका उभी असते. रस्त्यावर यातलं काहीच नसतं.

थोडक्यात क्रम असा

आधी तपासणी. मग ब्रेक ऑइल आणि पॅड. मग टायरचा दाब आणि अलाइनमेंट. मग हेल्मेट, रोल बार आणि सीट. मग प्रशिक्षकाची फी. मग इंजिन थंड ठेवण्याची सोय, चांगले टायर आणि सस्पेन्शन. आणि हे सगळं झाल्यावरही गाडी हळू वाटत असेल, तर मग इंजिन.

बहुतेकांची गाडी तोवर पुरेशी वेगवान झालेली असते. आणि पाचव्या लॅपला ब्रेकवर पाय ठेवला, की पेडल घट्ट लागतं.